एक पेटी, आठ गठ्ठे, पाच सुटी

तिचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत होतं. बाकी सगळ्या दवाखान्यात ती मावशी, आणि पाठ वळली की तराजू.

तराजू हे नाव तिनं कमावलेलं होतं. दिवस भरायच्या आत जगात आलेल्या बाळांच्या वॉर्डात ती बावीस वर्षं कामाला होती. मुठीएवढी डोकी, काडीसारखे पाय, कातडी इतकी पातळ की आतली निळी शीर दिसावी. असं एखादं लेकरू ती दोन्ही तळव्यांवर घ्यायची, जरा झुलवायची, मान कलती करायची आणि म्हणायची, "दीडला थोडं कमी." मग काट्यावर ठेवायचं. काटा दीडच्या अलीकडे दोन रेघांवर थांबायचा. नवे शिकाऊ डॉक्टर आले की दरवेळी कुणीतरी तिच्याशी चहाची पैज लावायचं, आणि मावशी फुकटचा चहा पीत पीत म्हणायची, "बाळा, तू पुस्तकं उचललीस, मी लेकरं उचलली."

या वॉर्डात वजन म्हणजे सगळं काही. आया सकाळी सहापासून खाटेवर उठून बसायच्या, केस न विंचरता, आणि डोळे काट्याकडे. बाळ रडतं का, पितं का, हे त्यांना दिसत असायचं. पण ते टिकतंय का, हे एकटा काटाच सांगायचा. आणि काट्याचा निरोप खाटेपर्यंत नेणारी मावशी. कुणाला 'चढलं गं पोरी' म्हणायचं, कुणाच्या पाठीवरून नुसता हात फिरवायचा, हे तिला ठाऊक होतं.

मग जुना काटा मोडीत गेला आणि नवं यंत्र आलं. पांढरं, गुळगुळीत, खाली हिरवे आकडे. तबकडी नाही, सुई नाही, मोजायला रेघा नाहीत. आकडा, टिंब आणि त्यापुढे तीन आकडे. मावशीनं पहिल्याच दिवशी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "याचं तोंड कुठंय?"

पहिले काही दिवस सिस्टरच बाजूला उभ्या राहून आकडा वाचायच्या आणि लिहायच्या. एका मंगळवारी त्या बाजूच्या खोलीत अडकल्या होत्या आणि खिडकीजवळच्या खाटेवरची पोरगी हात जोडून मागे लागली, "मावशी, तुम्हीच सांगा ना, किती झालं?" पहिलटकरीण, वय वीस-एकवीस, आठ दिवसांत पोटभर झोपलेली नाही. मावशीनं रजिस्टर पाहिलं. त्यातला वजनाचा रकाना चिंचोळा, त्यामुळे शेवटी शून्य आलं तर ते गाळायचं, अशी तिथल्या सिस्टरांची जुनी सवय. कालचं वजन लिहिलं होतं १.६. यंत्रावर आज होतं १.५९५.

टिंबाआधी दोन्हीकडे एक. टिंबानंतर काल सहा, आज पाचशे पंच्याण्णव.

"अगं पोरी!" मावशी ओरडलीच. "सहाचे पाचशे पंच्याण्णव झाले!"

पोरगी रडली, हसली, आईला फोन लावला, सासूला लावला, नवऱ्याला लावला. बाजूच्या दोघीजणी उठून तिच्या गळ्यात पडल्या. अर्ध्या तासानं मोठ्या सिस्टर आल्या, रजिस्टर पाहिलं, यंत्र पाहिलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "कोण म्हणालं वाढलं? पाच ग्रॅम उतरलंय."

पाच ग्रॅम म्हणजे काही नाही. बाळानं एकदा शू केली तरी तेवढं जातं. पण त्या पोरीचा चेहरा मावशीनं पाहिला. पोरगी नुसती भिंतीकडे तोंड करून निजली. बोलली असती तर बरं झालं असतं.

मोठ्या सिस्टरांनी मावशीला औषधांच्या कपाटामागं बोलावलं. बाई कडक, पण मनानं वाईट नाही. "मावशी, तुमच्या हातावर माझा भरवसा आहे. पण आकडा चुकला तर दूध चुकतं, औषध चुकतं. आता वजन घेणाऱ्यानंच लिहायचं आणि फरकही काढायचा, असा नियम झालाय. सोमवारी सकाळी तुम्ही वजन घ्या, लिहा, कालच्यातून आजचं वजा करा. मी मागे उभी राहीन. जमलं, तर वजनाचं काम तुमचंच. नाही जमलं तर..." त्या थांबल्या. "धुलाईघरात माणूस हवंच आहे."

"धुलाईघरात काय वाईट आहे?" मावशी म्हणाली. आवाज मात्र तिचा तिलाच ओळखू आला नाही. तिथंही बाळांचीच दुपटी असतात. फक्त रिकामी.

त्या दिवशी घरी जाताना तिला बरंच मागचं आठवलं. पाचवीत होती. अपूर्णांक संपले होते, वरचा-खालचा आकडा तिला बरा जमायचा. गुरुजींनी फळ्यावर एक मोठं टिंब काढलं आणि म्हणाले, "हा धडा उद्या." त्याच संध्याकाळी तिच्या आईला जुळं झालं. घरात मोठी तीच. एक भाऊ मांडीवर, एक बहीण खांद्यावर, आणि चुलीपाशी ती. गुरुजींचा तो उद्या तिच्यासाठी काही उजाडला नाही. पुढं टिंब म्हटलं की तिला वर्गातलं ते एकच दिसायचं. फळ्यावर एकटं, आणि पुढं काहीच नाही.

नवऱ्यानं विचारलं, "तोंड का असं पाडलंय?" तो सुतार. अंगात भुसा, कानावर पेन्सिल. तिनं सगळं सांगितलं.

"टिंबाच्या भानगडीत मी पडत नाही बघ," तो म्हणाला. "मी सगळं मिलिमीटरात बोलतो. दार कधी अडलं नाही."

"तुमच्या दाराला आई नसते," मावशी म्हणाली.

त्यानं उठून स्वतःच चहा टाकला. साखर विसरला. तिनं तसाच प्यायला.

वॉर्डातल्या चार नंबरच्या खाटेवर शाळेतल्या बाई होत्या. सहावीला गणित शिकवायच्या. त्यांची मुलगी सात आठवडे आधीच आली होती, कुणाला न विचारता, जणू आईला शाळेतून ओढून आणायलाच. बाईंचा जीव दोन ठिकाणी टांगलेला. अर्धा मुलीत, अर्धा वर्गात. "माझी मुलं ऐन दशांशावर अडकलीयत हो," त्या कुणालाही सांगायच्या, "आणि बदलीवर आलेले सर चित्रकलेचे आहेत." कपाटामागचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्या वॉर्डात कपाट म्हणजे काही भिंत नव्हे.

बुधवारी दुपारी त्यांनी मावशीला हाक मारली. "मावशी, बसा इथं. सोमवारपर्यंत पाच दिवस आहेत. माझे चाळीस जण होतात तर तुम्ही एकट्या का नाही होणार?"

"बाई, मी पन्नाशीला टेकले."

"मग तर दंगा करणार नाही."

पहिला धडा सपशेल पडला. बाईंनी मुलीला छातीशी धरूनच, एका हातानं, वहीत घरं आखली. एकक, दशांश, शतांश, सहस्रांश. मावशीनं ती नावं दोनदा म्हटली, तिसऱ्यांदा तिची जीभ अडखळली. "बाई, हे सगळे चुलतभाऊ दिसतात. तोंडं सारखीच. कोण थोरला, कोण धाकटा?"

"उजवीकडे जाल तसा धाकटा."

"आणि मग तीन आकडे असलेला एका आकड्यापेक्षा लहान कसा? पाचशे पंच्याण्णव कुठं आणि सहा कुठं!"

बाई हसल्या नाहीत. "माझ्या वर्गात निम्मे हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "लांब ते मोठं. साप लांब आहे म्हणून हत्तीपेक्षा मोठा." मग त्यांनी पट्टी काढली, पट्टीचे दहा भाग केले, त्या भागांचे दहा. रेघा इतक्या बारीक झाल्या की मावशीचा चष्मा हरला. तेवढ्यात मुलगी कुरकुरली आणि वर्ग सुटला.

गुरुवारी धुलाईघरातून कपडे आले. पत्र्याची लांबलचक पेटी, माणूस झोपेल एवढी, चाकांवर ढकलत आणायची. तिच्यात लंगोटाची चौकोनी फडकी. दहा फडक्यांची एक जुडी, नाडीनं बांधलेली. दहा जुड्यांचा एक गठ्ठा. दहा गठ्ठे मावले की पेटी भरली, म्हणजे हजार. सगळ्या मजल्यांना पुरवायची तर एवढी लागायचीच. मावशीनं पेटीत नुसती नजर टाकली, वरचे दोन गठ्ठे बाजूला केले आणि आलेल्या माणसाला म्हणाली, "नऊ गठ्ठे, चार जुड्या, सात सुटी. तू तर पूर्ण पेटी सांगितलीस. बाकीची कुठंयत?"

"मावशी, मोजली तरी का?"

"तुझ्यासारखी एकेक करून मोजू? पन्नासला त्रेपन्न कमी आहेत. जा, घेऊन ये."

पन्नासला त्रेपन्न कसे कमी असतील, म्हणून त्या माणसानं कपाळावर हात मारला. मावशीनं स्वतःशीच बोटं मोजली. "त्रेपन्नच कमी. पन्नास कुठून आलं तोंडात कुणास ठाऊक. जा रे तू, हसू नको."

चार नंबरच्या खाटेवर बाई मात्र सरळ उठून बसल्या होत्या. "मावशी! इकडे या. लगेच. हात पुसायची गरज नाही."

त्यांनी वहीचं नवं पान उघडलं. "एक किलो म्हणजे एक पेटी. भरलेली. टिंब म्हणजे पेटीचं झाकण. झाकणाच्या अलीकडे भरलेल्या पेट्या मोजायच्या. पलीकडे, जी पेटी भरली नाही तिच्यातला माल. टिंबानंतर पहिलं घर गठ्ठ्यांचं. दुसरं जुड्यांचं. तिसरं सुट्यांचं. आता मला १.६ वाचून दाखवा."

मावशीनं पान डोळ्यांजवळ नेलं. "एक पेटी... सहा गठ्ठे."

"जुड्या किती?"

"लिहिल्याच नाहीत."

"लिहिल्या नाहीत म्हणजे?"

"म्हणजे नाहीत. सुटीही नाहीत."

"आता १.५९५."

"एक पेटी, पाच गठ्ठे, नऊ जुड्या, पाच सुटी." ती थबकली. तिनं एकदा पानाकडे पाहिलं, एकदा खिडकीजवळच्या खाटेकडे. "अगं बाई. पाचच गठ्ठे. सहा भरायला पाच फडकी कमी."

मग ती कुणाला न सांगता उठली, खिडकीजवळ गेली, त्या पोरीच्या पायाशी टेकली आणि म्हणाली, "पोरी, माझं चुकलं होतं गं. का चुकलं ते आज कळलं." पोरीनं दुपट्यातलं बाळ उचलून तिच्या हातावर दिलं. "आज किती वाटतंय सांगा. हातानं."

शुक्रवार, शनिवार वजाबाकीत गेले. मावशीला आकडे एकाखाली एक लिहायचे म्हटले की ती उजवीकडून टोकं जुळवायची. जन्मभराची सवय. १.८२ खाली १.७९५ मांडलं की वरच्या दोनाखाली पाच यायचा.

"जुड्यांखाली सुटी मांडलीत," बाई म्हणायच्या.

"टोक तर जुळलं."

"टोक नाही जुळवायचं. झाकणाखाली झाकण. मग ज्याचं त्याच्या घरात आपोआप बसतं."

हातचा घ्यायला मात्र तिला शिकवावं लागलं नाही. सुटी नसली तर एक जुडी सोडायची, जुडी नसली तर गठ्ठा फोडायचा. हे ती बावीस वर्षं करत होती, नाडी दातात धरून. रविवारी ते १.८२ प्रत्यक्षातच आलं. बाईंच्या मुलीचं वजन. शनिवारचं १.७९५ होतं. मावशीनं वजा केलं, जुडी सोडली, गठ्ठा फोडला, आणि उत्तर काढलं: गठ्ठा नाही, दोन जुड्या, पाच सुटी. पंचवीस ग्रॅम वर.

"गठ्ठा नाही तर घर रिकामं सोडू?"

"सोडलंत तर जुड्या घरंगळत गठ्ठ्यांच्या जागी येतील. पंचवीसचे अडीचशे होतील. शून्य घाला, राखण करायला."

०.०२५. मावशीनं शून्य घातलं आणि पेन्सिलीनं ते दोनदा गिरवलं.

बाईंचं मात्र त्या दिवशी गणितात लक्ष नव्हतं. वॉर्डाचा नियम होता: बाळ एक पॉइंट आठच्या वर जायला हवं, आणि ओळीनं तीन सकाळी वजन चढायला हवं. मग घरी. शनिवारी चढलं, रविवारी चढलं. सोमवार उरला होता. बाईंनी रविवारीच पिशवी भरायला घेतली. नवरा दोनदा येऊन गेला, घरच्या खोलीत ऊब कशी केलीय ते सांगून गेला. बहीण आली, नणंद आली, टोपडी दाखवून झाली. मुलगी या गडबडीत निवांत झोपली, आणि तिची झोप कुणी मोडली नाही.

सोमवारी सकाळी सात वाजता मोठ्या सिस्टर हाताची घडी घालून मावशीच्या मागे उभ्या राहिल्या. तीन बाळांची वजनं झाली. तिन्ही बरोबर. खिडकीजवळचं बाळ तीस ग्रॅम चढलं होतं. मावशीनं ०.०३ लिहिलं. सिस्टर फक्त "हं" म्हणाल्या. चौथी बाईंची मुलगी.

मावशीनं आधी नुसतं दुपटं ठेवून यंत्र शून्यावर आणलं. मग मुलीला उचललं. हातावर घेतलं तेव्हा हात म्हणाला, ठीक. कालच्यासारखीच. हाताला यापुढचं कळत नव्हतं.

हिरवे आकडे थरथरले आणि थांबले. १.८०५.

रजिस्टरात काल १.८२.

क्षणभर तिचे जुने डोळे आनंदले. ब्याऐंशीचे आठशे पाच. आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या डोळ्यांपुढं पेटी उघडली. एक पेटी, आठ गठ्ठे, जुडी नाही, पाच सुटी. काल दोन जुड्या होत्या.

"किती?" बाईंनी खाटेवरून विचारलं. नेसून तयार होत्या, पिशवी पायाशी. तिथून त्यांना आकडे दिसत नव्हते.

मावशीनं मुलीला उचललं, यंत्र पुन्हा शून्यावर आणलं, पुन्हा ठेवलं. १.८०५. तिच्या मनात आलं, आज मी चुकले तर कुणालाच नवल वाटणार नाही. तराजूला आकडा कळत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन घटका तरी त्या माउलीच्या तोंडावर हसू राहील. खिडकीजवळच्या पोरीच्या तोंडावर राहिलं होतं तसं. अर्धा तास.

तिनं पेन्सिल आणि एक चिठोरा घेतला. झाकणाखाली झाकण. सुटी नाहीत, एक जुडी सोडली. दहातून पाच गेली, पाच उरली. जुडी उरली एक, तिच्यातून काही जायचं नाही. गठ्ठे आठातून आठ. राखणीला शून्य. ०.०१५. ते रजिस्टरात उतरवून पुढं तिनं अक्षरात लिहिलं, 'कमी'. ते लिहिताना तिचा हात जड झाला. पंधरा ग्रॅम, आणि हात जड.

मागून सिस्टरांनी वाकून पाहिलं. त्यांनी काही खोडलं नाही. रजिस्टर उचललं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "मी सांगू का त्यांना?"

"नको," मावशी म्हणाली. "निरोप माझा आहे."

मुलीला छातीशी घेऊन ती चार नंबरच्या खाटेपाशी गेली आणि काठावर बसली.

"बाई, पंधरा उतरलंय."

बाईंनी नकारार्थी मान हलवली. "काल एक ब्याऐंशी होतं."

"आज एक आठशे पाच. जुड्या दोन होत्या, एक पुरी गेली, दुसरी फुटून पाचच सुटी उरली. दोनदा ठेवून पाहिलं."

बाईंनी हात पुढं केला. मावशीनं हातातला चिठोरा दिला, ज्यावर तिनं वजाबाकी केली होती. बाईंनी ती वरपासून खालपर्यंत तपासली, एकेक घर, वर्गात चाळीस वह्या तपासतात तशी. एक थेंब कागदावर पडला, आठावर.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मावशी, अगदी बरोबर आहे हो." आणि मग त्यांना रडू आवरेना. "मी काल पिशवी भरत बसले. ती झोपली होती, मी उठवलंच नाही. दोन वेळा पाजायचं राहिलं माझं."

"पिशवीनं काही होत नाही," मावशी म्हणाली. "लेकरं अशी मागे-पुढे करतात. माझ्या हातावरून शेकडो गेलीत, सरळ चढत गेलेली दोन-चार असतील. पंधरा ग्रॅम म्हणजे दीड जुडी फक्त. आज दुपारपर्यंत भरून काढू." तिनं बाईंच्या पाठीवरून हात फिरवला, वरून खाली, सावकाश. "पण तीन दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागतील. ते मी तुम्हाला खोटं नाही सांगणार."

"नाहीच सांगितलंत," बाई म्हणाल्या आणि पदरानं नाक पुसलं.

दारातून मोठ्या सिस्टर वळल्या. "मावशी, पाच नंबर राहिलाय. वजन कोण घेणार, मी?"

"आले, आले."

मावशीनं मुलीचं दुपटं सैल केलं, टोपडं जरा मागं सारलं आणि गालावर बोटानं टिचकी दिल्यासारखं केलं, जागं करायला. मुलीनं डोळे न उघडताच तोंड उघडलं.

बाई तिच्याकडे पाहत होत्या. डोळे ओलेच, पण वर्गावर यायला लागले होते. "मावशी," त्या म्हणाल्या, "आता तीन दिवस हातात आहेत. गुणाकार घेऊ या का?"

"आधी हिला घ्या," मावशी म्हणाली आणि मुलीला तिच्या आईच्या हातात दिलं. "गुणाकार दुपारी."